तीच गाडी की तशीच गाडी?

१९९० च्या उन्हाळ्यात लंडनच्या उच्च न्यायालयापुढे एक विलक्षण दावा चालला. एका जुन्या शर्यतीच्या मोटारीचा सौदा एप्रिल महिन्यात एक कोटी पौंडांना ठरला होता. पुढे खरेदीदार कंपनीने गाडी घेण्याचे नाकारले. तिचे म्हणणे असे, की ज्या गाडीचे नाव सांगून ही विकली जात आहे, ती गाडी आता जगात शिल्लकच नाही. समोर उभी आहे ती वेगवेगळ्या काळच्या भागांची मोट. विक्रेते एडवर्ड हबर्ड यांचे म्हणणे, ही तीच गाडी. त्याच सुमारास जुन्या मोटारींचे भडकलेले भाव घसरणीला लागले होते, तेव्हा खरेदीदाराला हा साक्षात्कार नेमका आताच का झाला, अशी शंका कोणालाही यावी. पण शंका काहीही असो, न्यायमूर्ती ऑटन यांच्यापुढचा प्रश्न खरा होता. गाडीचा एकेक भाग बदलत गेला, तर कोणत्या क्षणी ती 'ती' उरत नाही?

मोटारीचे नाव 'ओल्ड नंबर वन'. बेंटली कंपनीच्या 'स्पीड सिक्स' जातीची ही गाडी. फ्रान्समधील ल मां येथे दरवर्षी सलग चोवीस तास चालणारी शर्यत होते. १९२९ साली ती या गाडीने जिंकली. चालक होते वुल्फ बार्नेटो आणि सर हेन्री बर्किन. त्या वर्षी पहिले चारही क्रमांक बेंटलीच्या गाड्यांनी पटकावले. १९३० साली बार्नेटो आणि ग्लेन किडस्टन यांनी याच गाडीतून पुन्हा विजय मिळवला. एकाच मोटारीने ही शर्यत लागोपाठ दोनदा जिंकण्याचा हा पहिलाच प्रसंग. 'एकाच मोटारीने' हे शब्द वाचकांनी लक्षात ठेवावेत, कारण साठ वर्षांनी सगळा वाद त्यांच्यावरच झाला.

बार्नेटो हे नुसते चालक नव्हते. दक्षिण आफ्रिकेतील हिऱ्यांच्या खाणींतून आलेली संपत्ती त्यांच्याकडे होती आणि १९२६ पासून बेंटली कंपनी त्यांच्याच पैशावर तग धरून होती. तरीही १९३१ मध्ये मंदीच्या तडाख्यात ती बुडाली आणि रोल्स-रॉइसने ती विकत घेतली. कंपनी गेली, पण गाडी बार्नेटोंकडे राहिली.

या गाडीच्या इंजिनाविषयी थोडे सांगितले पाहिजे. वर्गात गणिताला ते उपयोगी पडेल. स्पीड सिक्सच्या इंजिनात सहा सिलिंडर होते. प्रत्येकाचा अंतर्व्यास १०० मिलिमीटर आणि दट्ट्याची धाव १४० मिलिमीटर. वृत्तचितीच्या घनफळाचे सूत्र वापरून विद्यार्थ्यांना आकडा काढू द्यावा. उत्तर ६५९७ घनसेंटिमीटर, म्हणजे सुमारे साडेसहा लिटर येते, आणि कंपनीनेही तोच आकडा दिलेला आहे. १९३२ मध्ये बार्नेटोंनी हे इंजिन काढून बेंटलीचेच आठ लिटरचे इंजिन बसवले. त्यातही सहाच सिलिंडर आणि दट्ट्याची धाव तेवढीच; फक्त व्यास १०० ऐवजी ११० मिलिमीटर. व्यास दहा टक्के वाढला की क्षेत्रफळ एकवीस टक्क्यांनी वाढते, म्हणून ६५९७ चे ७९८३ होतात. 'वर्ग' या शब्दात काय ताकद आहे, हे दाखवायला आम्हाला याहून सुटसुटीत उदाहरण आठवत नाही.

इंजिनाबरोबर चासीही बदलली. चासी म्हणजे मोटारीचा तळाचा सांगाडा. इंजिन, चाके, बॉडी सारे त्याच्यावरच बसते. हा नवा सांगाडा बेंटलीच्या चार लिटर जातीच्या गाडीचा होता. अशा नव्या अवतारात गाडी २४ सप्टेंबर १९३२ रोजी लंडनजवळच्या ब्रुकलँड्स येथे पाचशे मैलांच्या शर्यतीत उतरली. ब्रुकलँड्सचा काँक्रीटचा मार्ग १९०७ साली खास मोटारींसाठी बांधलेला. वळणावर तो एका बाजूने कढईच्या काठासारखा वर चढत जाई. क्लाइव्ह डन्फी हा तरुण चालक दुसऱ्या गाडीला मागे टाकताना त्या काठावर फार वर गेला, गाडी काठावरून बाहेर पडली आणि तो जागीच ठार झाला. त्याच गाडीचा दुसरा चालक, त्याचा भाऊ जॅक, त्या वेळी मैदानावरच होता.

बॉडीचा चुराडा झाला होता. बार्नेटोंनी गाडी भंगारात न घालता तिच्यावर दोन माणसांची बंद बॉडी चढवून घेतली आणि ती रस्त्यावर वापरली. पुढे तिचे मालक बदलले आणि बॉडीही बदलली. शेवटी ती हबर्ड यांच्याकडे आली. जुन्या मोटारींचा जीर्णोद्धार करण्याचा छंद तोवर पश्चिमेत मोठ्या पैशाचा धंदा झाला होता.

न्यायालयात दोन्ही बाजूंचे तज्ज्ञ आले. गाडीचा भागन् भाग तपासला गेला आणि न्यायमूर्तींनी हिशेब मांडला. १९२९ साली जिंकलेल्या गाडीतले आज काय आहे? काळ ठरवता येणार नाही अशा काही किरकोळ जोडण्या सोडल्या तर काहीही नाही. १९३० सालच्या गाडीतले? पेडलचा दांडा, गिअरबॉक्सचे कवच आणि स्टिअरिंगचा दांडा. बस्स. १९३२ च्या अपघातग्रस्त गाडीतले मात्र पुष्कळ होते: चासी, आठ लिटरचे इंजिन, पुढचा अ‍ॅक्सल, स्प्रिंगा आणि त्यांची टेकणी, मागचे ब्रेक, काही तबकड्या.

ज्या विजयांमुळे गाडीला मोल आले, त्या विजयांच्या वेळी हजर असलेले लोखंड गाडीत जवळजवळ नव्हतेच! खरेदीदाराची बाजू भक्कम दिसते ना?

हा तिढा जुना आहे. थिसियस या ग्रीक वीराचे जहाज अथेन्सच्या लोकांनी जपून ठेवले होते. एखादी फळी कुजली की तिच्या जागी नवी बसवत. ते तेच जहाज उरले का, यावर तत्त्वज्ञ वाद घालत, असे प्लुटार्कने लिहून ठेवले आहे. सतराव्या शतकात थॉमस हॉब्ज या इंग्रज तत्त्वज्ञाने त्यात भर घातली. समजा कोणी त्या काढून टाकलेल्या फळ्या गोळा करून, त्याच क्रमाने जोडून दुसरे जहाज उभे केले, तर? आता जहाजे दोन. खरे कोणते? मोटारींच्या जगात हॉब्जची ही कल्पना कल्पना राहिलेली नाही. एका गाडीची चासी एकाकडे आणि इंजिन दुसऱ्याकडे, दोघांनीही उरलेले नवे करून घेतलेले, आणि दोघेही एकाच क्रमांकावर हक्क सांगत आहेत, असे तंटे तिथे होतात.

न्यायमूर्ती ऑटन यांनी तत्त्वज्ञानात न शिरता शब्द सोडवून घेतले. या निकालाचा आम्हाला सर्वांत आवडलेला भाग हाच. 'मूळ' म्हणजे कारखान्यातून निघाली त्याच अवस्थेतील, किंवा जवळपास तशी, गाडी. ही तशी नाही. 'पुनर्निर्मित' म्हणजे मोडून नाहीशी झालेली गाडी एखाददुसऱ्या जुन्या भागाच्या आधारे नव्याने उभी केलेली. हीही तशी नाही, कारण ही गाडी कधीच नाहीशी झाली नव्हती. ती सतत कोणत्या ना कोणत्या रूपात होतीच. भाग बदलले, पण एकदम नाही; जे नवे आले ते आधीच्या गाडीत सामावत गेले. प्रत्येक टप्प्यावर ती आदल्या टप्प्यावरचीच गाडी होती. शिवाय 'ओल्ड नंबर वन' या नावावर हक्क सांगू शकेल अशी दुसरी कोणतीही बेंटली ना आज आहे, ना पूर्वी होती. तेव्हा ही अस्सल 'ओल्ड नंबर वन' होय. आणि विकले जात होते ते नुसते धातू नव्हे, तर त्याबरोबरचा इतिहास आणि कीर्तीही. निकाल हबर्ड यांच्या बाजूने लागला.

प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांना ही विचारसरणी ओळखीची वाटेल. एखाद्या जुन्या वर्णपटमापकाचा दिवा बदलतो, मग पंप, मग शोधक, मग सगळी वायरिंग. तरी नोंदवहीत उपकरण तेच असते, कारण प्रत्येक बदलानंतर त्याचे प्रमाणीकरण आदल्या मोजमापांशी जुळवलेले असते. सजीवांचे तर विचारायलाच नको. तांबडी रक्तपेशी साधारण १२० दिवस टिकते. उलट दाताचे एनॅमल एकदा तयार झाले की बदलत नाही. १९५० आणि ६० च्या दशकांतील अणुचाचण्यांमुळे हवेत किरणोत्सारी कार्बन वाढला होता; दाताच्या एनॅमलमध्ये अडकलेल्या या कार्बनवरून माणसाचे जन्मवर्ष अंदाजता येते, हे २००५ मध्ये संशोधकांनी दाखवून दिले. आपल्या शरीरातही म्हणजे पेडलचा दांडा आणि गिअरबॉक्सचे कवच आहेच!

मात्र निकालाचा सारा डोलारा 'सातत्य' या एका शब्दावर उभा आहे, आणि सातत्य दाखवायला पुरावा लागतो. बेंटली कंपनी आपल्या चासीवर पाच वर्षांची हमी देत असे. हमी द्यायची तर कोणत्या गाडीत काय बिघडले, काय बदलले, हे लिहून ठेवणे भागच. अशा बऱ्याच नोंदी आजही उपलब्ध आहेत. ग्राहकाची तक्रार निस्तरण्यासाठी ठेवलेली कारकुनी वही अशी इतिहासाचे साधन झाली.

कागदाइतकाच बोलका पुरावा धातूतही असतो. चासीवर आणि इंजिनावर पोलादी ठशाने क्रमांक ठोकलेले असतात. फसवणूक करणारा ते कानशीने घासून नवे ठोकतो. वरवर पृष्ठभाग गुळगुळीत दिसतो. पण ठसा ठोकताना केवळ खाच पडत नाही. खाचेखालच्या धातूतील स्फटिकही दबून विस्कटतात आणि ही विस्कळीतता खाचेपेक्षा खोलवर जाते. घासलेल्या जागी आम्लयुक्त द्रावण लावले, की विस्कटलेला धातू भोवतालच्या धातूपेक्षा वेगळ्या गतीने झिजतो आणि पुसलेला आकडा हळूहळू वर येतो. चोरीच्या वाहनांचे क्रमांक ओळखायला न्यायवैद्यक प्रयोगशाळा हीच रीत वापरतात. मिटवलेले अक्षर धातूच्या 'आठवणीतून' परत मिळवण्याची ही युक्ती आम्हाला कोणत्याही जादूपेक्षा सरस वाटते.

आणि इथेच जीर्णोद्धाराची दुसरी बाजू समोर येते. हे सगळे पुरावे नष्ट करण्यात जीर्णोद्धार करणाराच सर्वांत पुढे असतो! गाडी संपूर्ण सुटी करायची, वाळूच्या फवाऱ्याने जुना रंग उडवून पत्रा उघडा करायचा, कुजलेली लाकडी चौकट फेकून नवी करायची, कातडे बदलायचे आणि शेवटी कारखान्यातही कधी नव्हती इतकी चकाकी आणायची. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात यालाच उत्तम काम म्हणत, आणि प्रदर्शनांत बक्षिसेही यालाच मिळत. रंगाचे थर गेले, की गाडी कोणत्या क्रमाने कोणत्या रंगाची होती हे गेले. हाताने ठोकून केलेल्या पत्र्यावरच्या हातोडीच्या खुणा गेल्या, की कारागीर गेला. दगडी देवळाला भक्तिभावाने ऑइलपेंट फासणारे आणि हे लोक, यांच्यात आम्हाला फारसा फरक दिसत नाही.

या विचाराला उलटे वळण लागल्याचे एक नाट्यमय उदाहरण स्वित्झर्लंडमधले आहे. तिथल्या आस्कोना गावाजवळ, माजोरे सरोवराच्या तळाशी, बुगाटी कंपनीची १९२५ सालची 'टाइप २२' ही छोटी स्पोर्ट्स कार पडून होती. ती तिथे कशी गेली याविषयी एकाहून अधिक कथा आहेत. पत्त्यांच्या डावात ती हरल्याचीही एक आहे. सगळ्यांचा शेवट मात्र एकच: आयात जकात भरली गेली नाही, आणि गाडी साखळीला बांधून पाण्यात सोडली गेली. पुढे साखळी गंजून तुटली आणि गाडी तळाला गेली. १९६७ मध्ये एका पाणबुड्याला ती सुमारे ५३ मीटर खोलीवर सापडली. नंतर कित्येक वर्षे हौशी पाणबुडे तिला भेट देऊन येत. २००८ मध्ये त्या भागातील एका तरुणाचा मारहाणीत मृत्यू झाला. त्याच्या स्मरणार्थ निघालेल्या संस्थेला निधी मिळावा म्हणून पाणबुड्यांनी जुलै २००९ मध्ये गाडी वर काढली.

सत्तर-एक वर्षे पाण्यात राहूनही गाडीचे काही उरले कसे, हे विद्यार्थ्यांना विचारून पाहावे. तीन परीक्षानळ्यांमधले खिळे आपण सर्वांनी वर्गात दाखवलेले असतात. एका नळीत साधे पाणी, दुसरीत उकळून वर तेलाचा थर दिलेले पाणी, तिसरीत कोरडी हवा. गंजतो तो पहिल्या नळीतला खिळा, कारण गंजायला पाणी आणि ऑक्सिजन दोन्ही लागतात. बुगाटीच्या बाबतीत निसर्गाने हाच प्रयोग एका गाडीवर केला. गाडी कुशीवर पडली होती. जी बाजू गाळात रुतली तिला ऑक्सिजन जवळजवळ मिळाला नाही, ती म्हणजे आपली दुसरी नळी. ती बाजू बरीच टिकली. वरची, पाण्याच्या स्पर्शातली बाजू खाऊन गेली. पाणी गोडे होते, हेही नशीबच. समुद्राच्या खाऱ्या पाण्यातून वीज सहज वाहते आणि गंजण्याची क्रिया झपाट्याने होते. आणखी एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. अ‍ॅल्युमिनियम आणि लोखंड एकमेकांना चिकटून ओले राहिले, की त्यांचा विद्युतघट तयार होतो आणि त्यात अ‍ॅल्युमिनियम आधी झिजते. म्हणून हलका म्हणून वापरलेला हा धातू अशा ठिकाणी लोखंडाच्या आधी जातो.

जानेवारी २०१० मध्ये पॅरिसच्या लिलावात हा गंजलेला सापळा २,६०,५०० युरोंना गेला. कॅलिफोर्नियातील संग्राहक पीटर मलिन यांनी तो घेतला. तेवढ्या पैशात चालती बुगाटी मिळाली असती. मलिन यांच्याकडे पैसा आणि कारागीर दोन्ही होते. मनात आणते तर ही गाडीही त्यांनी धावती केली असती. त्यांनी तिला हात लावला नाही. आपल्या संग्रहालयात त्यांनी ती होती तशीच मांडली: अर्धी खाल्लेली, एका बाजूने कोसळलेली. पुढे २०१५ मध्ये फ्रान्समधील एका शेतावरच्या छपराखाली सापडलेल्या ५९ गाड्यांचा लिलाव झाला. त्यातली जुन्या मासिकांच्या ढिगाखाली गाडलेली एक फेरारी, धुळीसकट, १ कोटी ६० लाख युरोंहून अधिक किमतीला विकली गेली. धूळ पुसू नये, असेच खरेदीदारांना वाटत होते. बाजाराचे शहाणपण आम्ही फारसे मानत नाही, पण इथे तो बरोबर होता. गाडी पुन्हा रंगवता केव्हाही येते. पहिला रंग मात्र एकदाच लागलेला असतो.

अर्थात सगळ्याच गाड्या गंजत ठेवाव्यात, असे आम्ही म्हणणार नाही. न धावणाऱ्या शर्यतीच्या गाडीतही काहीतरी हरवतेच. तिचा आवाज, तापलेल्या तेलाचा वास, स्टिअरिंगचा जडपणा, ही माहितीच आहे आणि ती काचेमागे ठेवून जपता येत नाही. शिवाय शर्यतीच्या गाडीचा स्वभावच भाग बदलण्याचा. सतत कमी-अधिक होणाऱ्या ताणाने धातू थकतो, त्यात सूक्ष्म भेगा पडतात आणि एक दिवस तो अचानक तुटतो. चोवीस तासांच्या शर्यतीसाठी गाडी तयार करणारा मेकॅनिक असा भाग तुटण्याची वाट पाहत बसत नाही. १९२९ ची 'मूळ' गाडी हट्टाने तशीच ठेवली असती, तर ती १९३० ची शर्यत कदाचित जिंकलीच नसती.

मार्ग काय, यावर जुन्या वाहनांच्या 'फिव्हा' या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१२ मध्ये एक सनद मंजूर केली. तिला ट्यूरिन सनद म्हणतात. प्राचीन वास्तूंच्या जतनाविषयी १९६४ मध्ये व्हेनिसला झालेल्या सनदेवरून ती बेतली आहे. तिचा रोख असा, की शक्य तितके राखावे आणि कमीत कमी बदलावे. जे बदलाल त्याची लेखी नोंद ठेवा. आणि नव्या भागावर टिकाऊ, पण डोळ्यांत न खुपणारी खूण करा, म्हणजे पुढे कोणी तपासायला बसला तर जुने कोणते आणि नवे कोणते हे त्याला कळेल. असा ठसा १९३० साली बेंटलीच्या कारखान्यात प्रत्येक भागावर मारला गेला असता, तर न्यायमूर्ती ऑटन यांच्यापुढची साक्ष फार लवकर संपली असती.